सिदूनानाचं माळवद

सिदूनाना कामावर आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी काहीही केलं नाही. सकाळी सातला आले, मोकळ्या जागेच्या मधोमध घोंगडी टाकली आणि बसले. ऊन अंगावर आलं तशी घोंगडी उचलून चार हात सरकवली आणि पुन्हा बसले. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. शेजारी आमचे मॅनेजर उभे होते आणि त्यांचा पारा चढत चालला होता. म्हसवडहून माणूस आणवला तो बसायला का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. तीनही वेळा मी "विचारून येतो" म्हणालो आणि जागचा हललो नाही, कारण काय विचारायचं तेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माधवनगरच्या एका कापडगिरणीत मी ओव्हरसिअर होतो. सांगलीजवळच्या एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याला परीक्षा देऊन आलेला. इस्त्रीची अर्धी विजार, डोक्यावर खाकी हॅट. मी इतका साहेब झालो होतो की घरी गेलो तर आईसुद्धा जरा दबकून बोलायची. नानांना मी तेव्हा सरळ अरे-तुरे करायचो. गवंड्याला अहो-जाहो करण्याची तेव्हा पद्धत नव्हती आणि मला अक्कल नव्हती. आता लिहिताना मात्र हात तसा वळत नाही.

गिरणीच्या मागे कामगारांसाठी पत्र्याची चाळ होती. भिंती पत्र्याच्या, वर पत्रा, दारंही पत्र्याचीच. दीड महिन्यात उभी केली म्हणून मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली होती. होय, ती चाळ मीच बांधली होती. पहिल्याच चैत्रात तिथं माणसांना दुपारी आत बसवेना. बाया पोरांना घेऊन ओढ्याकाठच्या बाभळीखाली जाऊन बसायच्या. त्या उन्हाळ्यात चाळीतली दोन तान्ही मुलं दगावली. कुणी म्हणालं देवी, कुणी म्हणालं दृष्ट. मला काय झालं ते ठाऊक होतं, पण मी ते कुणाला बोललो नाही. कागदावर ती चाळ फार नेटकी दिसत होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गिरणीनं आणखी बारा खोल्या बांधायच्या ठरवल्या. पण लढाईमुळे सिमेंट मिळेना, लोखंड मिळेना, पत्रा तर बघायलाही मिळेना. तेव्हा विणकाम खात्यातला म्हादू एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला की त्याचा सासरा मातीची घरं बांधतो, वर मातीचं छत घालतो, खिळासुद्धा लागत नाही. मी निरोप धाडला. नाना पाचव्या दिवशी दारात हजर. पासष्टी उलटलेले, उंच, वाळलेले, मिशा पिकलेल्या. हातात ओळंबा आणि थापी, खांद्यावर घोंगडी, आणि कमरेला एक लहानशी पिशवी. त्या पिशवीत तंबाखू असेल असं मी समजलो. तिच्यात राख होती.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी शेवटी मी त्यांच्याकडे गेलो. जमिनीवर ओळीनं खडे मांडलेले होते. मैदानाच्या कडेला एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याची सावली सकाळपासून जिथं जिथं सरकली तिथं त्यांनी खूण ठेवली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतली चिमूटभर राख काढली, हात उंच करून सोडली आणि ती कुठं उडते ते बघत राहिले. मग दोन पावलं पुढं जाऊन पुन्हा सोडली. मी विचारलं, हे काय चाललंय दिवसभर?

"सायब, तुमी हितं ऱ्हानार न्हाई, मी बी ऱ्हानार न्हाई," ते म्हणाले. "ऊन आन् वारा ऱ्हानार हायती. त्यास्नी आदी इचारायला नगं?"

असे ते चार दिवस बसले. पाचव्या दिवशी ऑफिसात आले. मी काढलेला नकाशा टेबलावर पसरला होता. बाराही खोल्यांची तोंडं मी रस्त्याकडे, म्हणजे मावळतीला केली होती. पाहुणे मोटारीतून आले की रांग छान दिसावी ही मॅनेजरांची इच्छा होती. नानांना वाचता येत नव्हतं, पण उगवत कुठं आणि मावळत कुठं एवढं त्यांनी विचारून घेतलं. मग माझ्या नकाशावर एक बोट ठेवलं आणि कागद हळूच पाव फेरा फिरवला. "आसं," म्हणाले आणि निघून गेले. मी बराच वेळ त्या फिरवलेल्या कागदाकडे बघत बसलो. पुण्यात दोन वर्षं शिकून जे मला सुचलं नव्हतं ते त्यांनी एका बोटानं केलं होतं. आता मावळतीचं ऊन फक्त शेवटच्या एका आखूड भिंतीवर येणार होतं, आणि ती भिंत दोन हात जाड, बिनखिडकीची घालायची असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मॅनेजरांना मी हे कसं पटवलं ते सांगत नाही. थोडं खोटं बोललो.

मी जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारा. कामावरून पाच-साडेपाचला माझी जेवणाची घाई सुरू व्हायची, याची नानांना फार गंमत वाटे. सूर्याकडे बघून तेच मला आठवण करून द्यायचे. एकदा म्हणाले, "आण्णा, तुमचं पोट उनावर चालतंय, मग तुमची घरं का न्हाई चालत?" त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी साहेबाचा अण्णा झालो. मला ते बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

मातीच्या बाबतीत त्यांच्याइतका चोखंदळ माणूस मी पाहिला नाही. कृष्णेकाठची काळीभोर माती गाड्या भरून आणवली होती मी. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले, आणि ही पिकाची आहे, भिंतीत घालाल तर उन्हाळ्यात तोंड उघडेल, असं सांगून सगळ्या गाड्या परत पाठवल्या. भिंतीची माती त्यांनी माळावरून आणली. तिच्यात गव्हाचं काड आणि शेण घालून पंधरा दिवस कुजवली. तिच्या कच्च्या विटा, त्यांना ते भेंडे म्हणत, उन्हात वाळवल्या. तो वास इतका असे की मॅनेजरांनी तिकडं फिरकणंच सोडलं, आणि त्यामुळे काम निर्धास्त झालं.

छताची माती वेगळी. ती पांढरी लागते, जुन्या वस्तीची, खारट. पाऊस पडला की ती आतून चिकट होऊन स्वतःच मिटते आणि पाणी खाली सोडत नाही. त्यांच्या माणदेशात सगळी घरं अशीच, सपाट छताची. त्या छताला माळवद म्हणतात. आमच्या बाजूला अशी माती कुठं आहे ते शोधत नाना तीन दिवस पायी हिंडले. एका उठून गेलेल्या गावाच्या जागेवर ती त्यांना सापडली. पडक्या भिंतींचे ढीग होते फक्त. पहिलं खोरं मारायच्या आधी त्यांनी तिथं नारळ फोडला आणि हात जोडून त्या ढिगाऱ्याला काहीतरी पुटपुटले. काय म्हटलं, असं मी विचारलं. इथल्या माणसांना सांगितलं की तुमची माती वाया जात नाही, पुन्हा माणसांच्याच डोक्यावर जाते, असं त्यांनी सांगितलं.

खोल्या उभ्या राहत गेल्या तसा मी हळूहळू त्यांचा चेला होत गेलो. उत्तरेला, सावलीच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर लहान खिडक्या, आणि प्रत्येकीच्या आत पाण्याचा रांजण. समोरच्या भिंतीत अगदी छताखाली झरोके. गार वारा खालून येतो आणि तापलेला वरून निघून जातो, असं ते म्हणत. मी हसलो तेव्हा त्यांनी मला अर्ध्या बांधलेल्या खोलीत नेलं आणि खिडकीपाशी राख सोडली. राख जमिनीलगत आत सरकली, रांजणाला वळसा घालून वर चढली आणि झरोक्यातून दिसेनाशी झाली. मी हॅट काढून हातात घेतली. उकडत होतं म्हणून काढली असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

बाभळीच्या तुळया आल्या, त्यावर लाकडं, त्यावर वाळवी येऊ नये म्हणून लिंबाचा पाला, मग चिखल, आणि शेवटी ती पांढरी माती. जाडी एक वीत. नानांची वीत. ती त्यांनी प्रत्येक खोलीवर दहा-दहा ठिकाणी काडी खुपसून मोजली. माझ्याजवळ फूटपट्टी होती, ती त्यांनी घेतली नाही.

छतं पुरी झाली त्या दिवशी त्यांनी एक विचित्र प्रकार केला. ज्या बारा घरांना खोल्या मिळायच्या होत्या त्यांतल्या एकेका कर्त्या माणसाला शिडीवरून वर बोलावलं, मातीवर हात ठेवायला लावला आणि म्हणायला लावलं, "आदी खरवडीन, मग घालीन." माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी नवी माती घालतात. पण तिच्या आधी जुनी खरवडून काढायची असते, नाहीतर दरसाल ओझं वाढत जातं. एवढीच गोष्ट, पण ती ते शपथेसारखी वदवून घेत होते. गिरणीतले लोक चेष्टेखोर. एकानं हसत हसत घाईनं म्हटलं तर नानांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदाही तो हसला. नाना काही रागावले नाहीत, नुसते त्याच्याकडे बघत राहिले, आणि तिसऱ्यांदा तो हसला नाही.

आणखी एक गोष्ट होती. नाना छपराखाली झोपत नसत. हिवाळाभर ते त्या लिंबाखालीच घोंगडीत असायचे. एका दुपारी अवकाळी पाऊस कोसळला, सगळे पळाले, आणि हे आपले बैलगाडीखाली बसलेले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. बाराच्या बारा खोल्या रिकाम्या होत्या. त्यांनीच बांधलेल्या. आत नेण्यासाठी मी हाताला धरलं तर त्यांनी हात सोडवून घेतला. म्हातारा विक्षिप्त आहे असं मी जेवताना घरी सांगितलं.

शिमगा झाला आणि खोल्या वाटायची वेळ आली. तेव्हा नानांनी माझ्याकडे पहिल्यांदा आणि शेवटचं काही मागितलं. लिंबाच्या सावलीतली एक नंबरची खोली म्हादूला द्यावी. म्हादूची बायको हौसा ही त्यांची एकुलती एक मुलगी. मागच्या उन्हाळ्यात चाळीत दगावलेल्या दोन मुलांतलं एक तिचं होतं. आता तिला पुन्हा दिवस होते, श्रावणाच्या सुमाराला बाळंत व्हायची होती. माझा निरोप गेला तेव्हा नाना पाचव्याच दिवशी का आले ते मला आता कळलं. माझ्या खोल्यांसाठी ते आलेच नव्हते. लेकीला पत्र्याखालून काढायचं म्हणून ते आले होते.

पण हौसा खोलीत जायला तयार होईना. म्हादूनं समजावलं, शेजारणींनी समजावलं, शेवटी मी साहेबपणाच्या तोऱ्यात चाळीत गेलो. ती दारातच उभी होती. पंचवीस-सव्वीसची असेल. डाव्या पायानं अधू. त्या दारातून बाहेर येणारी धग माझ्या तोंडाला लागत होती. मी खोलीचं बरंच वर्णन केलं, झरोके, रांजण, सगळं. तिनं ते पुरतं ऐकून घेतलं.

"सायब, ह्या पत्र्यात माजं ल्येकरू गेलं," ती म्हणाली. "तसल्या मातीखाली माजी आय गेली. आता तुमीच सांगा, मी कुटं जाऊ?"

मी परत फिरलो. लिंबाखाली नाना थापी धूत बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो. तिनं सांगितलं का, असं त्यांनी विचारलं आणि मग आपणहून, थापी धूत धूतच, सगळं सांगितलं.

हौसा आठ वर्षांची असताना म्हसवडला एक उन्हाळा फार कडक गेला. नानांची बायको भागीरथी तापानं अंथरुणाला खिळलेली. घर तापतंय, जीव घाबरतो, असं ती सारखी म्हणायची. पाऊस तोंडावर आलेला, आणि नानांना दुसऱ्या गावच्या कामावर जायचं होतं. त्यांनी माळवदावर नवी माती घातली. जुनी खरवडली नाही. घाई होती म्हणून नाही, मुद्दाम. माती जितकी जाड तितकं घर गार, आणि भागूला गार वाटावं. जुन्याच्या वर त्यांनी दुप्पट घातली. घर खरंच गार झालं. उन्हाळ्याचे राहिलेले दिवस तिला झोप लागली. गावातल्या लोकांनीही गवंड्याच्या घरासारखं घर नाही म्हणून नाव काढलं. माणदेशात पाऊस तो कितीसा पडतो. पण त्या साली हस्ताचा पाऊस लागला तो तीन दिवस उघडला नाही. सगळी माती पाणी पिऊन जड झाली आणि तुळई मधोमध मोडली. नाना तेव्हा परगावी दुसऱ्याच्या घराचं छत घालायला गेलेले होते. भागीरथी जागच्या जागी गेली. हौसाला लोकांनी दुपारपर्यंत उकरून काढली, पायावर तुळई होती. पुढं ती मामाकडेच वाढली.

"लय माया केली म्या," नाना म्हणाले. "त्या मायेचंच वजं झालं."

त्या दिवसापासून ते कुठल्याही छपराखाली झोपले नव्हते. सतरा-अठरा वर्षं झाली होती. इतक्या पावसाळ्यांत घोंगडी पांघरून, झाडाखाली, गाडीखाली. माझ्या डोळ्यांसमोर माझी ती नेटकी चाळ होती. त्यांनी आपली चूक मला सांगितली आणि मी माझी त्यांना सांगू शकलो असतो. मी नाही सांगितली. त्याची मला आजही लाज वाटते.

चैत्र-वैशाख हौसानं पत्र्यातच काढले. दुपारी बाभळीखाली जाऊन बसायची. बाकीच्या अकरा खोल्यांतली माणसं दुपारी दारं लोटून गार झोपायची आणि संध्याकाळी नानांना दुवा द्यायची. एक नंबरची खोली तशीच बंद. मॅनेजर ती दुसऱ्याला द्या म्हणून माझ्या मागे लागले, मी कधी चुना वाळायचाय म्हणालो, कधी दाराचं माप चुकलंय. नानांचं काम संपलं होतं पण ते म्हसवडला गेले नाहीत. लिंबाखाली बसून असत. लेकीशी त्यांचं बोलणं नव्हतं. चाळीचं दार आणि लिंब समोरासमोर, मध्ये पन्नास पावलांची जागा. ती चूल पेटवायला बाहेर यायची, त्यांच्याकडे एकदा बघायची आणि आत जायची.

मृगाचे ढग आले त्या दिवशी नाना उठले. घोंगडी झटकली, एक नंबरच्या खोलीचं दार उघडलं आणि आत गेले. सगळी चाळ बघत होती. मी पाठोपाठ गेलो. खोलीच्या मधोमध, बरोबर तुळईच्या पोटाखाली, त्यांनी घोंगडी अंथरली होती आणि उताणे पडून वर बघत होते. दोन्ही हात घट्ट मुठी वळून अंगालगत. कपाळावर घाम होता, आणि खोली तर गार होती. मी विचारलं, नाना, हे कशाला? पहिल्यांदाच माझ्या तोंडून नाना आलं होतं.

"समदा पावसाळा हितं निजतो," ते म्हणाले. "बगंल ती."

रोज सकाळी दार उघडून ते बाहेर यायचे आणि उंबऱ्यापुढं जरा वेळ नुसते उभे राहायचे. पाऊस असला तरी. समोरून हौसा बघायची. मग ते आत जायचे आणि ती चुलीकडे वळायची. कधी हाक नाही, कधी हात हलवणं नाही. मी त्या सुमाराला मुद्दाम गिरणीत लवकर यायला लागलो.

आषाढात एकदा पाऊस थोडा उघडला होता. नाना ओढ्याकडे गेले होते. मी ऑफिसातून बघतो तर हौसा आपला अधू पाय ओढत मैदान ओलांडून येत होती. एवढं पोट पुढं आलेलं. ती दाराकडे गेलीच नाही. शिडी लावलेली होती, ती तिनं हलवून बघितली आणि चढायला लागली. मी धावत सुटलो, खाली उतर म्हणून ओरडलो, तिनं ऐकलं नाही. वर जाऊन ती मातीवर बसली. पदरातून एक काडी काढली, ओल्या मातीत खालच्या पाल्यापर्यंत खुपसली, काढून आपल्या हाताच्या वितीशी लावली. मग चार पावलांवर आणखी एक जागा. मग तिसरी. आणि तशीच सावकाश खाली उतरून परत गेली. मी शिडी धरून उभा होतो, माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

नाना परत आले तेव्हा मी काही सांगितलं नाही. चिखलातला ओढत्या पायाचा माग बघून त्यांनी वर जाऊन ती तीन भोकं बघितली, अंगठ्यानं माती दाबून एकेक बुजवलं. खाली आले ते माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "आण्णा, पोरीनं मापलं." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतर आठवडाभरात झड लागली. कृष्णेला पाणी चढलं, सांगलीचा रस्ता बंद पडायच्या बेताला आला. नानांना खोकला होताच, इतकी वर्षं अंगावर घेतलेला पाऊस कुठं जाणार. झडीच्या चौथ्या दिवशी सकाळी ते उंबऱ्यापुढं उभे राहिले नाहीत. समोर हौसा चूल न पेटवता दारात उभी होती. मी बघत होतो, म्हादू कामावर गेला होता. नऊ वाजले, दहा वाजले. मग ती निघाली. पावसात, डोक्यावर काही न घेता, पाय ओढत ओढत ती पन्नास पावलं चालली आणि दार ढकलून आत गेली.

मी गिरणीच्या कंपाउंडरला घेऊन पोहोचलो तोवर दुपार होत आली होती. नाना तापानं फणफणले होते. त्यांचं डोकं हौसाच्या मांडीवर होतं. शुद्ध धड नव्हती. डोळे उघडले की वर तुळईकडे बघायचे आणि दोन्ही हातांनी तिला ढकलायचे. ज्या लेकीनं आत यावं म्हणून त्यांनी सगळा जीव गोळा केला होता, तिलाच ते बाहेर घालवत होते.

"भागू, भाईर व्हय. ऊट, भाईर व्हय. म्या वरची माती खरवडली न्हाई."

हौसानं त्यांचे हात धरले. मी भागू नाही, असं ती म्हणाली नाही.

"खरवडलीया," ती म्हणाली. "म्या वर जाऊन बगितली. येक वीत हाय."

"येक वीत?"

"येक वीत. चांगली मापली म्या."

त्यांनी ढकलायचं थांबवलं. बोटं तशीच तिच्या हातात राहिली. बराच वेळ ते वर बघत होते, मग डोळे मिटले. बाहेर पाऊस धो धो चालला होता आणि पन्हाळीतून पाणी एका धारेनं पडत होतं. आत जमीन कोरडी होती. कंपाउंडरनं मला बाजूला घेऊन मान हलवली. आपल्या मांडीवर कोण आहे हे त्यांना शेवटी कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. हौसालाही मी ते कधी विचारलं नाही, आणि पुढं श्रावणात त्याच खोलीत तिला मुलगा झाला तेव्हा बारशाला गेलो तरी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा दारापुढं माणसं जमली होती. नाना पहाटेच गेले होते. पाऊस तसाच पडत होता. पद्धतीप्रमाणे चार जणांनी त्यांना उचलून बाहेर अंगणात ठेवायची तयारी केली. तिरडी बांधायला बांबू आले होते, कुणीतरी डोक्यावर धरायला पोतं आणलं होतं. हौसा आतून उंबऱ्यापाशी आली आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली. एका जाणत्या माणसानं तिला समजावलं की उशीर करू नये, मेलेल्या माणसाला असं घरात ठेवत नाहीत. ती बाजूला झाली नाही.

"पाऊस थांबूस्तवर आत ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्येनी लय वरसं भिजून काडली."

बांबू धरलेल्या माणसानं बांबू खाली ठेवले. तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. तुळईच्या बरोबर खाली नाना उताणे झोपले होते, मुठी सुटलेल्या, घोंगडी गळ्यापर्यंत. उत्तरेच्या खिडकीतून वारा आत येत होता आणि घोंगडीची दशी थोडी थोडी हलत होती. आम्ही सगळे बाहेर पावसात उभे राहिलो.